भिंतीची भेग : झाकू नका, मोजून घ्या!

दसरा-दिवाळी जवळ आली की घरोघरी रंगाचे डबे आणि पुट्टीच्या पिशव्या येऊन पडतात. कोपऱ्यातली भेग दिसली की आपण रंगाऱ्याला सांगतो, "अहो, तेवढी भरून घ्या हं!" तो दोन हात पुट्टी फिरवतो, वर छानसा रंग चढतो. येणारे-जाणारे म्हणतात, "वा! घर अगदी नवं दिसतंय!" आणि पुढचा पावसाळा सरतो न सरतो तोच तीच भेग त्याच जागी पुन्हा हजर!

मैत्रिणींनो, भेग म्हणजे नुसती घराच्या शोभेला लागलेली दृष्ट नव्हे. ती घराची तक्रार असते. कधी ही तक्रार अगदी किरकोळ असते, म्हणजे गिलावा वाळताना आकसला एवढंच. कधी मात्र आतली सळई गंजत असते, खांब नाहीतर बीम दमलेला असतो. पंचाईत अशी, की नुसत्या डोळ्यांना यातला फरक कळत नाही. बोटभर रुंद दिसणारी भेग गिलाव्यापुरतीच असू शकते आणि केसाएवढी बारीक भेग आत चांगली दोन-तीन इंच उतरलेली असू शकते. भेगेची रुंदी दिसते, खोली दिसत नाही. आणि खरा प्रश्न असतो तो खोलीचाच.

मग ही खोली मोजायची कशी? बीम फोडून तर बघता येत नाही! त्यासाठी एक युक्ती आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघराच्या इतकी जवळची आहे की वाचून तुम्हांला गंमतच वाटेल.

माठ वाजवून घेणाऱ्या आपण

उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलो की आपण काय करतो? बोटाच्या पेरानं दोन टिचक्या मारून बघतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर कुठेतरी बारीक तडा आहे असं समजून बाजूला ठेवायचा. तडा डोळ्यांना दिसत नाही, पण आवाज तो सांगतो. टिचकीचा आवाज अख्ख्या माठातून सहज फिरतो, मध्ये तडा आला की अडखळतो.

काँक्रीटच्या बाबतीत इंजिनिअर लोक नेमकं हेच करतात. फरक एवढाच, की टिचकी यंत्राची असते आणि तिचा आवाज आपल्या कानांना ऐकू येत नाही. माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. त्यावरचा तो श्राव्यातीत ध्वनी, म्हणजेच अल्ट्रासाउंड. काँक्रीटसाठी बहुधा सेकंदाला ५४ हजार कंपनांचा आवाज वापरतात.

अल्ट्रासाउंड म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे दवाखान्यातली सोनोग्राफी उभी राहिली असेल. बरोबरच आहे, नातं तेच! तिथे पोटाला थंडगार जेली लावतात, इथे खांबाला ग्रीस चोपडतात. कारणही एकच. यंत्राचं तोंड आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी आवाज तिथूनच मागे फिरतो. मात्र पोटाच्या सोनोग्राफीतला आवाज सेकंदाला काही दशलक्ष कंपनांचा असतो. तो काँक्रीटमध्ये सोडला तर खडीवर आपटून जागच्या जागी विखरून जाईल. म्हणून इथे त्यापेक्षा पुष्कळ खालच्या पट्टीतला आवाज घ्यावा लागतो. आणि या साध्या यंत्रावर चित्र उमटत नाही, फक्त वेळ कळतो.

धावपटू आवाज

वेळ कसला? तर या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचायला आवाजाला लागलेला. खांबाच्या एका अंगाला आवाज सोडणारा डबीएवढा भाग टेकवतात, समोरच्या अंगाला ऐकणारा. आवाज कधी निघाला आणि कधी पोचला हे यंत्र सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, म्हणजे मायक्रोसेकंदात मोजतं. खांबाची जाडी ठाऊक असते. अंतर भागिले वेळ, की वेग निघाला. पाचवी-सहावीतल्या आगगाडीच्या गणितापेक्षा यात काही जास्त नाही.

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो. चांगल्या, घट्ट काँक्रीटमध्ये तो ४ हजार मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ बारा पट वेगानं पळतो. पण वाटेत पोकळी लागली, भेग लागली, तर त्याला वळसा घालावा लागतो आणि उशीर होतो. शाळेतून निघालेलं मूल रोज वीस मिनिटांत घरी येतं. एखाद्या दिवशी अर्धा तास लागला, तर आपण ओळखतोच ना, की वाटेत काहीतरी झालं असणार? तसंच हे.

आपल्याकडे या चाचणीचं भारतीय मानक १९९२ साली निघालं. त्यात वेगाप्रमाणे काँक्रीटच्या प्रती ठरवल्या होत्या. सेकंदाला साडेचार किलोमीटरच्या वर असेल तर उत्कृष्ट, साडेतीन ते साडेचार चांगलं, तीन ते साडेतीन मध्यम, आणि तीनच्या खाली शंकास्पद. २०१८ साली हे मानक नव्या रूपात आलं. त्यामुळे निकाल लावताना इंजिनिअर चालू मानकच बघतील. पण अहवाल हातात आला की आपल्याला अंदाज यावा यासाठी हे आकडे लक्षात ठेवायला हरकत नाही.

धरणांच्या भेगांतून जन्मलेली विद्या

ही विद्या जन्मली ती मोठमोठ्या धरणांपायी. कॅनडात ओंटारिओ प्रांतात जलविद्युत मंडळाची काँक्रीटची धरणं होती. त्यांच्या तोंडावर भेगा दिसत, पण त्या आत किती गेल्यात हे कळायला मार्ग नव्हता. धरण फोडून बघणार कोण? तेव्हा लेस्ली आणि चीजमन या दोघांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत 'सोनिस्कोप' नावाचं यंत्र तयार केलं आणि १९४९ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये रस्ते-संशोधन प्रयोगशाळेतले जोन्सही याच वाटेनं निघाले होते. पुढे सहज उचलून नेण्याजोगं यंत्र निघालं. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून झालेलं नाव काय असावं? 'पंडित'! "उद्या पंडित घेऊन येतो" असं इंजिनिअर म्हणाले, तर भटजी येणार असं समजू नका!

धरणाच्या भेगेची धास्ती आपल्या महाराष्ट्राला काही नवी नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. कोयनानगर परिसरात पावणेदोनशेच्या घरात माणसं गेली. १०३ मीटर उंचीचं धरण उभं राहिलं खरं, पण त्याच्या उंच भागांवर पुढच्या आणि मागच्या दोन्ही अंगांना आडव्या भेगा पडल्या. त्या भरून, आत ताणलेल्या पोलादी तारा घालून आणि पुढे मागच्या बाजूनं काँक्रीटचा आधार देऊन धरण बळकट करण्यात आलं. भेग नुसती लिंपून भागत नाही, तिचं मूळ शोधावं लागतं, हा धडा त्यात होता. आज पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्र सरकारची जी जल आणि विद्युत संशोधन संस्था आहे, तिथले शास्त्रज्ञ धरणांचं काँक्रीट आणि दगडी बांधकाम तपासायला ध्वनिलहरींचा उपयोग करतात.

आमच्या इमारतीची गोष्ट

धरणाची विद्या आमच्या चार मजली इमारतीत आली ती गेल्या वर्षी. इमारत चाळिशीकडे झुकलेली. जिन्याच्या भिंतीला छतालगत एक लांबच लांब आडवी भेग पडलेली. येता-जाता सगळ्यांचं लक्ष तिच्याकडे. तिच्यावरून सोसायटीत दोन तट पडले. एक म्हणे, "इमारत गेली, पाडून नवी बांधायला देऊन टाका." दुसरा म्हणे, "एवढं काही नाही, गिलावा करा आणि रंग काढा." तळमजल्यावरच्या आजींनी तर जेवणच सोडलं. "या वयात मी भाड्याच्या घरात कुठं जाऊ गं?" एवढंच त्या विचारायच्या. चार वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं वर्गणी घेऊन सगळ्या भेगा लिंपून दिल्या होत्या, त्याचाही कुणी हिशेब मागितला नव्हता.

शेवटी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरांना बोलावायचं ठरलं. त्यांनी सांगितलं, गिलाव्यावरून आवाज सोडून उपयोग नाही. तो पोकळ झालेला असेल तर आवाज तिथेच थांबतो. म्हणून ठरावीक ठिकाणी हात-दीड हात गिलावा खरवडून काँक्रीट उघडं करावं लागेल. झालं! घरोघरी कुरबूर सुरू झाली. "आत्ताच तर रंग काढलाय," "फर्निचर हलवायचं कुणी?" "ओट्यावर धूळ येईल." एका बिऱ्हाडानं तर खोलीत पाऊलच ठेवू दिलं नाही. त्यांच्या घरच्या बाईंना आम्ही तिघी-चौघी भेटलो, भांडी आणि कपाटं झाकायला जुन्या चादरी नेल्या, आणि काम झाल्यावर झाडून-पुसून द्यायचं कबूल केलं, तेव्हा कुठे दार उघडलं.

आणि निघालं काय? जिन्यातल्या ज्या भेगेनं सगळ्यांची झोप उडवली होती, ती विटांची भिंत आणि काँक्रीटचा बीम यांच्या सांध्यावरची निघाली. ऊन-थंडीनं दोन्ही वेगवेगळं आकसतं, फुगतं. त्यामुळे सांधा उकलला होता. बीम आतून धड होता.

पहिल्या मजल्याच्या एका बीमला खालून केसाएवढी भेग होती. ती मात्र आत ६ सेंटीमीटर गेलेली निघाली, म्हणजे सळयांच्याही पलीकडे.

आणि खरी गंभीर गोष्ट होती ती एका अगदी गुळगुळीत, नुकताच गिलावा केलेल्या खांबाची. वरच्या न्हाण्यांच्या ओळीखालचा हा खांब. इतर खांबांमध्ये ३० सेंटीमीटर जाडी पार करायला आवाजाला ७५ मायक्रोसेकंदांच्या आसपास लागत होते, म्हणजे वेग सेकंदाला ४ किलोमीटर. या खांबात ११० लागले. वेग पावणेतीनच्याही खाली! इंजिनिअरांनी त्याच दिवशी खांबाशेजारी लोखंडी टेकू लावून घेतले. गिलावा पूर्ण काढल्यावर आत मधमाश्यांच्या पोळ्यासारखं पोकळ काँक्रीट आणि गंजून सोललेल्या सळया दिसल्या. चार वर्षांपूर्वीच्या लिंपणानं हे सगळं सुबक झाकून ठेवलं होतं.

इमारत पाडावी लागली नाही. खांबाला नव्या सळया आणि काँक्रीटचं वेष्टण घातलं, बीमच्या भेगेत इपॉक्सी भरलं. आजी आता पूर्वीसारख्या संध्याकाळी ओट्यावर वाती वळत बसतात. खर्च आला, नाही असं नाही. पण तो योग्य जागी झाला.

सहा सेंटीमीटर कळले कसे?

अर्धवेळ का होईना, शिक्षिका असल्यामुळे मला याची भारी उत्सुकता. मी बी.ए. झालेली, इंजिनिअर नव्हे. पण त्यांनी कागदावर आकृती काढून दाखवली आणि मी थक्कच झाले. अहो, हा तर आपला शाळेतला पायथागोरस!

बीमच्या दुसऱ्या बाजूला हात पोचत नव्हता, म्हणून दोन्ही डब्या एकाच अंगाला लावल्या. भेगेच्या एका बाजूला ८ सेंटीमीटरवर एक, दुसऱ्या बाजूला ८ सेंटीमीटरवर दुसरी. आधी शेजारच्या धड भागावर तेवढ्याच, म्हणजे १६ सेंटीमीटर अंतरावर वेळ घेतला. ४० मायक्रोसेकंद. मग भेग मध्ये ठेवून घेतला. ५० मायक्रोसेकंद. म्हणजे आवाजाला भेगेच्या टोकाला वळसा घालून १६ ऐवजी २० सेंटीमीटर चालावं लागलं. १० खाली, १० वर. आता काटकोन त्रिकोण घ्या. कर्ण १०, पाया ८. शंभरातून चौसष्ट गेले, राहिले छत्तीस. त्याचं वर्गमूळ ६. झाली भेगेची खोली! मुलांना आता हे गणित मी भेगेवरूनच घालते. "बाई, याचा उपयोग काय?" असं एकही जण विचारत नाही.

आवाजालाही फसवता येतं

पण बरं का, ही चाचणी म्हणजे काही ब्रह्मवाक्य नव्हे. भेगेत पाणी भरलेलं असेल तर आवाज पाण्यातून सरळ पलीकडे जातो आणि भेग उथळ भासते. म्हणून भर पावसात, गळतीच्या जागी घेतलेल्या आकड्यांवर विसंबू नये. भेगेत धूळ-माती दाटलेली असली तरी तोच घोटाळा. वाटेत सळई आडवी आली तर तिच्यातून आवाज काँक्रीटपेक्षा जोरात धावतो आणि वेग फुगतो. भेग तिरकी असेल तर वरचं गणित चुकतं. एकाच अंगानं घेतलेलं माप समोरासमोरच्या मापाइतकं भरवशाचं नसतं. आणि वेगावरून काँक्रीटची प्रत कळते, खांब किती भार पेलेल हे थेट कळत नाही. म्हणून जाणकार माणूस हातोडीची चाचणी, गंजाची चाचणी, आणि गरज पडली तर काँक्रीटचा छोटा गाभा काढून तपासणं हे सगळं जोडीला घेतो. एकट्या आकड्यावर निकाल देणाऱ्यापासून सावधच राहावं.

आपण काय करायचं?

यंत्र इंजिनिअरांचं, पण दिवसभर घरात वावरणारे डोळे आपले! कोणती भिंत ओल धरते, कोणतं दार यंदाच घासायला लागलं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असतं? म्हणून एवढं करा :

* भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं आडवी रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. दर महिन्याला बघा. टोक रेघेच्या पुढे गेलं तर भेग वाढते आहे.
* जाडसर व्हिजिटिंग कार्डाची कड भेगेत जाते का ते बघा. कार्डाची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर असते, आणि आपल्या मानकाप्रमाणे आरसीसीमध्ये एरवी तेवढीच रुंदी चालते. ओलीच्या जागी तर त्याहूनही कमी.
* भेग भिंतीत आहे की खांब, बीम, स्लॅबमध्ये आहे ते नीट बघा. सळईच्या रेषेत जाणारी भेग आणि तांबूस डाग म्हणजे गंजाची खूण. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीटला आतून फोडतो.
* तपासणी होण्याआधी पुट्टी, गिलावा, रंग काही करू नका.
* तपासनीस आले तर कपाट हलवून जागा द्या. दोन दिवसांची धूळ परवडली.

सोसायटीच्या सभेला एकट्या 'ह्यांना' पाठवू नका, आपणही जा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची तपासणी दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर तीन वर्षांनी करावी असं सांगितलं आहे. मुंबईत तीस वर्षांवरच्या इमारतींना तर महापालिका कायद्यानंच तपासणी बंधनकारक आहे. आपली शेवटची कधी झाली, हे विचारा. अहवाल मागून घ्या. आवाज समोरासमोरून सोडला की एकाच अंगानं? गिलावा काढला होता का? कोणत्या खांबाचा वेग किती आला? आणि भेग भरल्यावर पुन्हा आवाज सोडून बघितला का? हा शेवटचा प्रश्न अगदी महत्त्वाचा. भेग खरोखर आतपर्यंत भरली असेल तर आवाज पुन्हा पहिल्यासारखा सरळ धावतो. नुसती वरवर लिंपली असेल तर वळसाच घेतो. ठेकेदाराचं बिल चुकतं करण्याआधी हे आकडे हातात असू द्या.

एक मात्र विसरू नका. भेग एकाएकी रुंदावली, काँक्रीटचे तुकडे पडू लागले, कडकड आवाज आले, दारं अचानक अडकू लागली, तर कसल्याही चाचणीची वाट बघत बसू नका. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घेऊन आधी बाहेर पडा, शेजाऱ्यांना हाका मारा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. दागिने आणि कागद मागाहून.

येत्या दिवाळीत रंगाचा डबा उघडण्यापूर्वी घरातून एकदा पेन्सिल घेऊन फिरा. रंग काय, पुढच्या महिन्यातही काढता येईल.